किल्लीची कामं कुणाच्या गळ्यात?

दहा-बारा वर्षं जुनी स्विफ्ट किंवा सँट्रो दारात उभी असते. इंजिन ठणठणीत, कागदपत्रं व्यवस्थित, विकायला मन होत नाही. फक्त शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं दार तो नुसता जवळ गेला की उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, ते पाहून आपल्या गाडीची किल्ली अचानक फार जुनाट वाटू लागते. मग माणूस ॲक्सेसरीच्या दुकानात शिरतो. दुकानदार काउंटरखालून एक खोकं काढतो. त्यात काडेपेटीहून जरा मोठा काळा कंट्रोल बॉक्स, निळ्या कडेचं गोल बटण, दोन चपटे रिमोट, पेन्सिलीएवढे दोन अँटेना आणि रंगीबेरंगी वायरींचा जुडगा असतो. ‘‘दोन-तीन तासांत बसवून देतो साहेब, एकदम कंपनी फिटेडसारखं.’’

बटण दोन-तीन तासांत बसतंही. प्रश्न असा आहे, की कारखान्यातून आलेल्या गाडीत किल्ली जी कामं करत होती, त्यातली किती या खोक्यानं अंगावर घेतली? किल्ली दार उघडते. ती बॅटरीचा करंट वेगवेगळ्या वाटांनी सोडते. स्टीअरिंगचं कुलूप काढते. तिच्या डोक्यातली चिप इंजिनच्या कॉम्प्युटरला ओळख पटवून देते. आणि ती आपल्या हातात आहे म्हणजे गाडी बंद आहे, ही खात्रीही तीच देते. पाच कामं. बाजारातलं साधं किट यातली दोन पूर्ण करतं, तिसरं अर्धंमुर्धं करतं आणि उरलेली दोन वायरमनच्या मर्जीवर सोडतं. ही पुढची सगळी हकिगत त्या उरलेल्या कामांची आहे.

गंमत म्हणजे, गाडी सुरू करण्यात बटण किल्लीच्या आधीपासून आहे. चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याचा जाच संपला. त्यानंतर कित्येक वर्षं गाड्यांमध्ये किल्ली फक्त इग्निशन चालू करायला होती. सेल्फ मारायला वेगळं बटण, खुंटी किंवा पायाशी दाबायचा स्विच असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा सेल्फ पायानं दाबायचा होता. किल्लीच पुढे फिरवून सेल्फ मारण्याची पद्धत क्रायस्लरनं १९४९च्या सुमारास रुळवली. दूरवरून दार उघडणारा रिमोट १९८२मध्ये रेनोच्या फ्युएगोत दिसला, तर खिशातून किल्ली न काढता चालवायची गाडी मर्सिडीजनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणली. आपल्याकडे छोट्या गाड्यांच्या वर्गात ही चैन २०१०मध्ये निसान मायक्रासोबत आली. म्हणजे रस्त्यावरच्या बऱ्याचशा जुन्या गाड्या या लाटेच्या अगदी काठावरच्या आहेत. काही वर्षं उशिरा घेतल्या असत्या, तर बटण आपसूक मिळालं असतं.

आता स्टीअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडू या. इग्निशन स्विचच्या पाठीमागे एक कपलर असतो आणि त्यात साधारण पाच जाड वायरी. एक बॅटरीकडून थेट आलेली, कायम जिवंत. बाकीच्या चार किल्लीच्या फिरण्यानुसार जागी होतात. एसीसी नावाच्या वायरीवर टेप आणि लायटरचं सॉकेट. आयजी-१वर इंजिनचा कॉम्प्युटर, इंधनाचा पंप, एअरबॅग. आयजी-२वर ब्लोअर, वायपरसारखी खादाड मंडळी. शेवटची सेल्फकडे जाणारी. यात एक बारकावा आहे. सेल्फ लागतो त्या दोन-तीन सेकंदांत स्विच एसीसी आणि आयजी-२ मुद्दाम तोडतो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळते. आयजी-१ मात्र तेव्हाही चालूच लागते, नाहीतर इंजिन फिरेल पण पेटणार नाही. किट हाच नाच रिलेंकडून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांकडून, करून घेतं. घाईत दोन वायरींची अदलाबदल झाली, तर गाडी सुरू होते, पण दर वेळी सेल्फ कण्हत लागतो, आणि मालक महिनाभरानं बॅटरीला शिव्या देत नवीन बॅटरी घेतो.

या वायरींतून जाणारा करंट किरकोळ नसतो. ब्लोअर एकटा पंधरा-वीस अँपिअर ओढू शकतो, सेल्फच्या सोलेनॉइडचा पहिला झटका त्याहून मोठा. त्यामुळे रिले तीस-चाळीस अँपिअरचे, चांगल्या प्रतीचे हवेत. आयजी-१चा रिले चालत्या गाडीत सुटला तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेनं फार महागात शिकून ठेवलं आहे. २०१४मध्ये जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांच्या इग्निशन स्विचमधली एक स्प्रिंग कमजोर होती. जडशा जुडग्याच्या वजनानं किंवा खड्ड्याच्या दणक्यानं किल्ली स्वतःच मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टीअरिंग जड होई आणि नेमक्या त्याच क्षणी एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटलेला असे. नुकसानभरपाईच्या हिशेबात १२४ मृत्यू त्या स्विचच्या खात्यावर मान्य झाले. एका मोठ्या कंपनीच्या, चाचण्या पार केलेल्या स्विचची ही कथा. खोक्यातल्या नाव नसलेल्या रिलेकडे पाहताना ती आठवावी.

लोखंडी स्विचची आणखी एक खुबी आहे, ती आपण कधी लक्षात घेत नाही. त्याला डोकं नाही, म्हणून त्याचं डोकं फिरतही नाही. थंडीत मरगळलेली बॅटरी सेल्फ लागताना नऊ व्होल्टच्याही खाली येते. किल्लीच्या स्विचला त्याचं सोयरसुतक नसतं, तो पत्र्याला पत्रा चिकटवून उभा राहतो. स्वस्त किटमधला मायक्रोकंट्रोलर मात्र व्होल्टेज पडलं की रीसेट होतो, सगळे रिले सोडतो आणि इंजिन धरायच्या ऐन क्षणी वीज जाते. मग ‘बटण कधी लागतं, कधी लागत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात येतो, आणि तिथे चार्ज झालेल्या बॅटरीवर ते दर वेळी लागतं.

बॅटरी बसली, तर हक्काचा देशी उपाय म्हणजे धक्का स्टार्ट. किल्ली ऑन, दुसरा गिअर, चार माणसं मागे. पण ऑन करणार कोण? बारा व्होल्टच्या रिलेला पत्रा ओढून घ्यायलाच सात-आठ व्होल्ट लागतात आणि किटचं डोकं जागं व्हायलाही काही लागतंच. बसलेल्या बॅटरीवर रिले लागत नाहीत, आयजी-१ जागी होत नाही आणि चार माणसांचा घाम वाया जातो. म्हणून माझं ठाम मत आहे, की किटच्या वायरी मूळ इग्निशन स्विचला समांतर जोडाव्यात, त्याच्या जागी नाही. मूळ स्विच शाबूत राहिला, तर किल्लीनं गाडी पूर्वीसारखीच सुरू करता येते, किट रुसलं तरी रात्री अकराला घाटात उभं राहावं लागत नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं भोक दिसतं म्हणून काही जण बॅरलच काढून तिथे बटण बसवतात. दिसायला सुंदर, पण परतीचा रस्ता बंद.

आणि बॅरल काढण्यात याहून मोठी एक गोम आहे. बॅरलच्या पोटात स्टीअरिंगचं कुलूप असतं. किल्ली काढली की एक पोलादी पिन स्प्रिंगच्या जोरावर पुढे येते आणि स्टीअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. पश्चिम जर्मनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे कुलूप सक्तीचं केलं, अमेरिकेत त्याचं मानक १९७०पासून लागू झालं. कारखान्यातून बटण घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांत ही पिन छोट्या मोटरनं मागेपुढे होते आणि गाडी चालू असताना ती हलूच नये यासाठी वेगळी तजवीज असते. बाजारातल्या किटमध्ये असं काही नसतं. मग स्टीअरिंगचं कुलूप काढायचं कसं? दोन जुगाड चालतात. एकात जास्तीच्या किल्लीचं डोकं कापून पातं बॅरलमध्ये कायमचं ठेवतात. पातं आत आहे तोवर पिन पुढे येत नाही. दुसऱ्यात पिनच काढून टाकतात.

दोन्हींचा परिणाम एकच, की गाडीचं स्टीअरिंग आता कायम मोकळं. चोरासाठी एक अडथळा कमी झाला, हे दुकानात कुणी सांगत नाही. तरी मी म्हणेन, की अर्धवट काम करण्यापेक्षा हे बरं. पातं ढिलं राहून चालत्या गाडीत सरकलं आणि पिन खाचेत पडली, तर वळणावर स्टीअरिंग जिथल्या तिथे जाम होईल. या एका शक्यतेपुढे बाकी सगळे धोके किरकोळ आहेत. पातं ठेवणार असाल तर ते वेल्ड किंवा इपॉक्सीनं पक्कं केलेलं आहे का, हे स्वतः ओढून बघा. त्याहून सरळ मार्ग म्हणजे किल्ली फक्त स्टीअरिंगसाठी वापरत राहणं. पण मग बटणाची गंमत अर्धी जाते, आणि दुकानदार ते सुचवत नाही.

चौथं काम, ओळख पटवण्याचं. साधारण २००५नंतरच्या बहुतेक गाड्यांत, मारुतीच्या भाषेत आयकॅट्स म्हणतात तशी, इमोबिलायझरची व्यवस्था आहे. किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा चपट्या ठोकळ्यासारखी चिप असते. तिला बॅटरी नसते. बॅरलभोवतीच्या वेटोळ्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकी लहरी निघतात, त्यांच्यातूनच चिप वीज घेते आणि आपला सांकेतिक जबाब देते. जबाब चुकला तर सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही, किंवा पेटून क्षणात विझतं. युरोपीय संघानं १९९८पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं केलं. ते नसेल तर काय होतं, ते अमेरिकेत २०२१-२२मध्ये दिसलं. ह्युंदाई आणि किआच्या तिथल्या साध्या किल्लीवाल्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. पोरांनी बॅरल उपटून तिथे यूएसबी केबलचं टोक फिरवून गाड्या पळवल्या आणि वर त्याचे व्हिडिओ टाकले. त्याच कंपन्यांच्या बटणवाल्या गाड्यांत इमोबिलायझर होता, त्या वाचल्या. म्हणजे दोष बटणाच्या माथी मारता येत नाही.

पण बाजारातल्या किटला तुमच्या गाडीचा संकेत ठाऊक नसतो. तो ठाऊक करून देता येत नाही म्हणून ‘बायपास’ करतात. जास्तीच्या किल्लीतली चिप काढायची, छोट्या डबीत घालायची आणि बॅरलभोवतीच्या वेटोळ्याशी जोडून डॅशबोर्डच्या आत लपवायची. कॉम्प्युटरला वाटतं किल्ली लागलेलीच आहे. घराला भक्कम कुलूप घालून किल्ली दाराशेजारच्या कुंडीखाली ठेवावी, तसा हा प्रकार. यातही तरतम आहे. चांगल्या बायपास डबीत चिपचं वेटोळं एका रिलेमधून जातं. किटला खरा रिमोट सापडला तरच तो रिले जोडला जातो, एरवी चिप मुकी राहते. वाईट पद्धतीत चिप सरळ बॅरलच्या कडीला टेपनं चिकटवतात. मग कारखान्यानं दिलेला इमोबिलायझर उरतच नाही. गाडी परत घेताना वायरमनला एकच विचारावं, ‘‘चिपला रिले दिलाय का?’’ उत्तरापेक्षा त्याच्या चेहऱ्यावरून जास्त कळतं.

म्हणजे गाडीची सगळी राखण आता रिमोटमधल्या रेडिओच्या विश्वासार्हतेवर येऊन ठेपली. म्हणून तो रेडिओ समजून घेणं भाग आहे. कारखान्याच्या गाडीत संवाद दोन सुरांत होतो. दाराच्या मुठीला हात लागला, की गाडी खालच्या सुरात, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, हाक मारते. ही हाक फार लांब जात नाही, एक-दीड मीटरवर विरते. खिशातला रिमोट तेवढ्यानं जागा होतो आणि वरच्या सुरात, आपल्याकडे सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देतो. हाक जाणूनबुजून तोकडी ठेवलेली असते, कारण ‘मालक जवळ आहे’ हे ठरवण्याचं तेच साधन आहे. आत वेगळे अँटेना असतात, त्यामुळे रिमोट गाडीच्या आत आहे की बाहेर, हेही कळतं. बऱ्या किटमध्ये ते पेन्सिलीएवढे अँटेना याचसाठी दिलेले असतात आणि ते पत्र्यापासून दूर, प्लास्टिकच्या मागे बसवायचे असतात. स्वस्त किट हा सगळा उपद्व्याप टाळतात. रिमोट सतत रेडिओवर बोलत राहतो आणि गाडी फक्त आवाजाच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधते. भिंती, माणसं, पाऊस यांनी तो अंदाज चुकतो. गाडी खिडकीखाली आणि रिमोट आत कपाटावर असेल, तर रात्री कुलूप उघडझाप करत बसतं, आणि सोसायटीचा वॉचमन दुसऱ्या दिवशी चौकशी करतो.

रिमोट काय बोलतो, हे त्याहून महत्त्वाचं. सर्वांत साधे रिमोट दर वेळी तोच आकडा ओरडतात. ईव्ही १५२७ नावाची स्वस्त चिप यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात वीस बिटांचा ठरीव संकेत असतो, म्हणजे जेमतेम १० लाख ४८ हजार शक्यता. पण त्या मोजत बसायची चोराला गरजच नाही. एकदा ऐकलं, टिपलं आणि पुन्हा वाजवलं की झालं. याला उत्तर म्हणून दर वेळी बदलणारा संकेत आला. त्यातला सर्वांत गाजलेला कीलॉक दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत ऐंशीच्या दशकात जन्मला आणि १९९५मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिपनं विकत घेतला. त्यात रिमोट आणि गाडी दोघंही एक मोजणी ठेवतात. बटण दाबलं की मोजणी एकानं पुढे जाते, तिला ६४ बिटांच्या गुप्त किल्लीनं घुसळून ३२ बिटांचा संकेत बनतो. काल ऐकलेला संकेत आज शिळा असतो. खिशात चुकून बटण दाबलं गेलं तरी बिघडत नाही, गाडी पुढचे सोळा संकेत निमूट स्वीकारते आणि त्याहून पुढे गेलं तर सलग दोनदा दाबायला लावून जुळवून घेते.

हाही अभेद्य नाही. २००८मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज घेते हे मोजून कीलॉकची गुप्त किल्ली बाहेर काढून दाखवली. २०१५मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानं एक छोटं यंत्र दाखवलं, जे मालकाचे दोन संकेत दाबून टिपतं, पहिला लगेच वाजवून दार उघडू देतं आणि दुसरा पुढे वापरायला ठेवतं. तरीही ठरीव संकेत आणि बदलता संकेत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, कारण गल्लीतल्या चोराकडे प्रयोगशाळा नसते. तुमच्या किटमध्ये काय आहे हे पाहायला रिमोटचे दोन भाग नखानं उचकटा. आत एक काळी चिप दिसते. तिच्यावर एचसीएस ३०१ किंवा त्याच्या आसपासचा आकडा असेल तर बदलता संकेत, ईव्ही १५२७ किंवा पीटी २२६२ असेल तर ते किट दुकानदाराला परत करा. आकडा खरवडून काढलेला असेल, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

उरला रिले हल्ला, ज्याची वर्तमानपत्रांत सर्वाधिक चर्चा होते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या तिघा संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्या अशा उघडून दाखवल्या. गाडीपाशी एक अँटेना, मालकाच्या जवळ दुसरा. गाडीची ती तोकडी हाक लांबवर पोचवली, की रिमोट भाबडेपणानं उत्तर देतो. इथे संकेत फोडायचाच नसतो, त्यामुळे संकेत कितीही पक्का असून उपयोग नाही. महागड्या गाड्यांनाही ही खोड होती, तिथे स्वस्त किटकडून काय अपेक्षा करायची? दिलासा इतकाच, की जुन्या सँट्रोसाठी एवढी यातायात करणारा चोर विरळा.

पाय कुठे आहे, गिअर कुठे आहे, हे किल्लीला कधीच विचारावं लागलं नाही, कारण तिच्यामागे माणूस बसलेला असे. बटणाला मात्र ते विचारावं लागतं. किटची एक वायर ब्रेक लाइटच्या स्विचला जोडतात, ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत हे पुरतं, कारण पार्क किंवा न्यूट्रल सोडून सेल्फच लागू न देणारा स्विच कारखान्यानं आधीच दिलेला असतो. मॅन्युअल गाडीत खरा प्रश्न क्लचचा. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांना क्लचच्या पायाशी स्विच नसतो. उतारावर गाडी गिअरमध्ये लावण्याची सवय आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलपासून लागलेली. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तर गाडी झटका खाऊन थांबेल. पण रिमोटवरून सेल्फ मारला, तर गिअरमधली गाडी सेल्फच्या जोरावर चालू लागते आणि इंजिन धरलं तर थांबतही नाही. पुढे शेजाऱ्याची स्कूटर असते, कधी पोर असतं. मॅन्युअल गाडीत रिमोट स्टार्टची वायर जोडूच नये, हे माझं मत आहे. उन्हात गाडी आधी गार करून ठेवायची हौस कितीही असो. कायदाही इथे आड येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं, की सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला नसेल, तर यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही अशी व्यवस्था हवी. बटण बसवायचंच असेल, तर क्लचच्या पॅडलला एक छोटा मायक्रोस्विच लावून किटची ब्रेकची वायर त्यातून न्यावी. चांगला वायरमन हे अर्ध्या तासात करतो. फक्त त्याला सांगावं लागतं.

सुरू करण्याइतकाच बंद करण्याचा प्रश्न. ऑगस्ट २००९मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस अडकलेल्या ॲक्सिलरेटरसह सुसाट गेली. जाड पायपोस पॅडलवर सरकला होता. चालवणारा महामार्ग पोलिसात होता, नवशिका नव्हे. गाडीत बटण होतं, पण चालत्या गाडीत इंजिन बंद करायला ते तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं. गाडी डीलरनं तात्पुरती दिलेली होती. चौघांचा जीव गेला. बाजारातल्या किटची अडचण नेमकी उलटी असू शकते. त्याला गाडीचा वेग कळत नाही. काही किटमध्ये ब्रेकवर पाय असताना बटण एकदा टिचकलं की इंजिन बंद, मग गाडी उभी असो वा ऐंशीच्या वेगात असो. शेजारच्या सीटवरच्या नातवानं चमकणारं बटण दाबायला तेवढा क्षण पुरतो. इंजिन गेलं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. तेव्हा किट घेण्याआधी माहितीपत्रकात एवढंच शोधा, की चालत्या इंजिनवर बटण किती वेळ दाबावं लागतं. एक-दोन सेकंद असेल तर ठीक. बसवल्यावर रिकाम्या मैदानात हळू वेगात ते स्वतः करून बघा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

किल्ली हातात म्हणजे गाडी बंद, ही पाचवी खात्रीही इथे जाते. अमेरिकेत बंदिस्त गॅरेजमध्ये बटणवाली गाडी चालू राहून कार्बन मोनॉक्साइडनं दोन डझनांहून जास्त माणसं गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८मध्ये मांडलं, आणि टोयोटानं २०२०च्या मॉडेलांपासून आपोआप बंद होण्याची सोय जाहीर केली. आपल्याकडे घराला चिकटलेली बंद गॅरेजं थोडी, म्हणून हा धोका कमी. पण ट्रॅफिकच्या गोंगाटात पेट्रोलचं शांत इंजिन बेसमेंटमध्ये चालू राहिलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

बॅटरीचा हिशेब मात्र कागदावर मांडता येतो. किट रिमोटची चाहूल घेत रात्रंदिवस जागं असतं. समजा त्यासाठी ते १५ मिलिअँपिअर खातं. दिवसाला ०.३६ अँपिअर-तास, महिन्याला जवळपास ११. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडीचं घड्याळ, टेपची मेमरी, जुना सायरन यांची भूक वेगळी. दिवाळीला गावी गेलेला माणूस तीन आठवड्यांनी परतला, तर जुन्या बॅटरीची गाडी हमखास मेलेली. आणि बॅटरी मेली की किटही मेलं, दार कसं उघडणार? म्हणून दाराच्या किल्लीचं भोक बुजवू नये आणि साधी किल्ली रिमोटसोबत नव्हे, वेगळी ठेवावी. डिझेल गाडीवाल्यांनी एवढं बघावं, की बटण दाबल्यावर ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत किट थांबतं का. थंडीत महाबळेश्वरला हा फरक कळतो, मुंबईत नाही.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते जोडाच्या कामावर. ॲक्सेसरीच्या धंद्यात वायर दाताने सोलायची, दुसरीभोवती पिळायची आणि वर काळी टेप गुंडाळायची ही पद्धत सार्वत्रिक आहे. विदर्भातल्या मे महिन्यात डॅशबोर्डमागे ही टेप वितळून चिकट होते आणि सुटते. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी, किंवा नीट दाबलेले टर्मिनल, एवढं तरी मागून घ्यावं. बॅटरीच्या वायरीवर फ्यूज किटपाशी नव्हे, वीज जिथून घेतली तिथे हवा, म्हणजे मधली वायर कुठे घासली तर फ्यूज जाईल, गाडी पेटणार नाही. ज्यांच्या गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आहे त्यांनी विशेष सावध राहावं. त्या किटनंही आयजी-१मधूनच वीज घेतलेली असते, शिवाय कुणी डॅशकॅम, कुणी सायरन जोडलेला असतो. एका वायरीवर चार जोड म्हणजे चार ठिकाणी गरम होण्याची शक्यता. शक्य असेल तर मूळ वायर कापूच देऊ नका. इग्निशनच्या कपलरला जुळणारा नर-मादी कपलरचा तुकडा अनेक मॉडेलांसाठी बाजारात मिळतो. तो मध्ये घालून किट जोडलं, तर नको असेल तेव्हा दहा मिनिटांत गाडी मूळपदावर येते.

विम्याचं तेवढं राहिलं. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं मान्य केलेल्या चोरीरोधक साधनाला हप्त्यात सवलत मिळते, ती ‘ओन डॅमेज’ भागाच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये. नाव नसलेल्या किटला अर्थातच नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्यासोबत दोन्ही मूळ किल्ल्या मागते. त्यातली एक चिप काढून डॅशबोर्डमध्ये पुरलेली असेल आणि दुसरीचं पातं बॅरलमध्ये असेल, तर दावा करताना टेबलावर काय ठेवणार? बायपाससाठी मूळ किल्ली न वापरता वेगळी चिप प्रोग्रॅम करून घ्यावी, थोडे पैसे जास्त जातात. बदल विमा कंपनीला ईमेलनं कळवावा आणि उत्तर छापून गाडीच्या कागदांत ठेवावं.

मला विचाराल तर जुन्या गाडीला दाराचं कीलेस लॉकिंग जरूर बसवा. बदलत्या संकेताचं, सेंट्रल लॉकिंगसह. त्यात इंजिन, स्टीअरिंग, चिप यांना हात लागत नाही, बिघडलं तर फार तर किल्लीनं दार उघडावं लागतं. बटणाची हौस असेल तर ऑटोमॅटिक गाडीत, समांतर जोडणीनं आणि रिलेवाल्या बायपासनं करा. मॅन्युअल गाडीत क्लच स्विच लावायला तयार असलेला वायरमन सापडला तरच. काम झाल्यावर कोणती वायर कुठे जोडली याचा कागद त्याच्याकडून लिहून घ्या आणि सर्व्हिस बुकात ठेवा, कारण दोन वर्षांनी गाडी बंद पडेल तेव्हा ते दुकान तिथे असेलच असं नाही.